तीन इंच कोरा कागद

चाळीस वर्षांच्या धंद्यात मी एकच चित्र खराब केलं, आणि नेमकं तेच मुंबईच्या लिलावात गेलं. हजारो तसबिरी माझ्या हातून गुण्यात, चारी कोन काटकोनात बसून बाहेर पडल्या, त्यांची कधी कुणी चौकशी केली नाही. जिथं हात चुकला तिथं मात्र पाहुणे मोटार घेऊन आले.

माझं तसबिरींचं दुकान भोरमध्ये, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. आता त्या जागेत मुलगा मोबाईल दुरुस्त करतो. खिडकीजवळचा कोपरा त्यानं माझ्यासाठी ठेवलाय, टेबल आणि खुर्चीसकट. मी तिथं बसून त्याच्या गिऱ्हाइकांना नावं ठेवतो. दुकान काढलं माझ्या वडिलांनी. आमच्या घरातली बुद्धाची तसबीर ही त्यांनी केलेली पहिली. शिकाऊ हाताची असल्यामुळं तिच्या एका कोपऱ्यात फट आहे आणि ती आम्ही आजवर बुजवलेली नाही. पुढं त्याच हातांनी त्यांनी तालुक्यातल्या निम्म्या घरांचे देव चौकटीत बसवले.

बाहेरून बघणाऱ्याला हे काम सोपं वाटतं. लाकडाची पट्टी घ्यायची, टोकं तिरपी कापून चौकट जोडायची. काच, चित्र, पुठ्ठा एकावर एक ठेवून मागून बारीक खिळे मारायचे. वर खाकी कागद चिकटवायचा, म्हणजे धूळ आणि कसर आत शिरत नाही. खरी मेख कापण्यात आहे. पट्टी लांब राहिली तर पुन्हा कापता येते, आखूड झाली की जळणाला जाते. काचेवरून कापायचा हिरा एकदाच ओढायचा, दुसऱ्यांदा ओढला की हिराही जातो आणि काचही. आणि चित्रसुद्धा कापावं लागतं बरं का. आमच्याकडं लोक कॅलेंडर घेऊन यायचे. वर पत्र्याची पट्टी, खाली कुणाच्या तरी किराणा दुकानाची जाहिरात. ते सगळं छाटूनच देव बाहेर काढावा लागे. त्यामुळं कागद दिसला की माझा हात आपोआप ब्लेडकडं जायचा.

यावर वडिलांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या कागदातलं छाटलेलं केरात टाकायचं नाही. घडी न घालता चित्राच्या पाठीमागं, पुठ्ठ्याच्या आत ठेवायचं आणि बंद करायचं. "त्याचं हाय ते, त्याच्या घरी जाऊ दे," म्हणायचे. तरुणपणी मला हा खुळेपणा वाटायचा. किराणा दुकानाची जाहिरात जपून कुणाचं काय भलं होणार? पण बापापुढं बोलायची टाप नव्हती, म्हणून मीही ठेवत गेलो.

हा नियम किती खोल आहे ते मला एका नसरापूरच्या गृहस्थानं शिकवलं. जमिनीच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी बिनसलं आणि हा गडी दोघांचा जोडीनं काढलेला फोटो घेऊन माझ्याकडं आला.

"ह्यो काडा ह्यातनं," भावावर बोट ठेवून म्हणाला.

"अहो, राहू द्या. रक्ताचं माणूस आहे."

"तुमाला फ्रेम करायचीय का दुसऱ्याकडं जाऊ?"

काढला. भाऊ गेला पाठीमागं आणि हे राहिले एकटे, खांद्यावर भावाची चार बोटं तेवढी राहिली, कारण ती कापली असती तर यांचा खांदा गेला असता. पुष्कळ वर्षांनी तोच माणूस तीच फ्रेम काखेत मारून आला. पुतणीच्या लग्नात समेट झाला होता. आता भाऊ परत पाहिजे होता आणि फोटो काढणारा स्टुडिओ कधीच बंद पडला होता. मी मागचा खाकी कागद फाडला, खिळे उपटले आणि भाऊ काढून त्याच्या हातात दिला. माणूस बाकावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग त्यानं दोघांसाठी चहा मागवला, आणि पैसे देताना घासाघीस मात्र पूर्वीसारखीच केली.

गिऱ्हाईक म्हणजे देव असं म्हणतात. आमच्याकडं देवही यायचे आणि त्यांच्याहून वस्ताद माणसंही. वेल्ह्याकडची एक म्हातारी स्वतःचाच फोटो फ्रेम करून घ्यायला आली. "म्या मेल्याव पोरं घाई करत्यात. आधार कार्डावरचं तोंड लावत्याल भिताडाला. त्यापरीस माजं म्याच बघते." वर हाराचा खिळा आत्ताच मारून दे, असा हट्ट. पुढं दर दोन-तीन वर्षांनी ती यायची आणि फोटो बदलून न्यायची, कारण आधीचा तिला जास्त म्हातारा वाटायचा. तिच्या फ्रेममागं तिचेच चार जुने चेहरे साठले होते.

आता सरांकडं येतो.

धुमाळ सर मूळचे भाटघरकडचे, भोरमध्ये हायस्कूलला चित्रकला शिकवायचे. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. शाळेच्या संमेलनाचा पडदा, निवडणुकीचे फलक, दुकानांच्या पाट्या, सगळं त्यांच्या हातचं. पाटीवरचा आंबा असा काढायचे की तोंडाला पाणी सुटावं. पण स्वतःसाठी काढायला बसले की कागदावर एक रेघ. कधी दोन. बाकी सगळा कागद मोकळा. शिक्षकांच्या खोलीत त्यांना 'रेघवाले मास्तर' म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मीही म्हणायचो.

एका उन्हाळ्यात ते असंच एक चित्र घेऊन आले. वहीच्या कागदापेक्षा थोडा मोठा जाड कागद. तळाशी डावीकडून निघालेली करड्या शाईची एक रेघ, उजवीकडं जाता जाता मध्येच संपलेली. वर फिकट पाण्याचा हात मारल्यासारखं काहीतरी. बस्स. पुण्यातल्या एका छोट्या प्रदर्शनात ते मांडून परत आणलं होतं. "घरी लावायचंय, गौतम. साधी फ्रेम कर," म्हणाले.

साधी फ्रेम? सरांना? माझ्याकडं एक सागवानी चौकट पडून होती. कुणीतरी करायला सांगून गेलेली आणि न्यायला न आलेली. जुनं लाकूड, तेलपाणी केलेलं, हात फिरवला तर गालासारखं लागावं. मला वाटलं, माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाट्या रंगवतो, त्याला एक तरी चांगली चौकट मिळू दे. पैसे साध्या फ्रेमचेच घ्यायचे ठरवलं. फक्त चौकट बारा इंच लांब होती आणि कागद पंधरा.

मी कागदाकडं पाहिलं. रेघ बारा इंचांवरच संपत होती. पुढं तीन इंच कोराच कागद. माझ्या मनात शंकासुद्धा आली नाही. रेघ जिथं संपते तिथं बरोबर पट्टी ठेवली आणि ब्लेड ओढलं. किती नेमकं बसलं म्हणून माझं मलाच कौतुक वाटलं. कापलेली पट्टी रिवाजाप्रमाणं पाठीमागं गेली.

सर संध्याकाळी आले. फ्रेम दोन्ही हातांत धरून लांब केली आणि बराच वेळ बघत राहिले.

"कशी बसलीय?" मी म्हटलं. "एकदम मापात. जादा कोरा कागद होता, तेवढा काढला."

"कोरा होता व्हय?" सर म्हणाले. मग फ्रेम पालथी करून, "काढलेला कुठाय?"

"पाठीमागं ठेवलाय. आमच्यात टाकत नाहीत."

"मग असू दे." त्यांनी लाकडावरून हात फिरवला. "लाकूड लई भारी दिलंस."

ते गेले. त्यानंतरही रोज दुकानावरून जाता-येता थांबायचे, पेपर वाचायचे, चहा घ्यायचे. पण चित्र म्हणून पुन्हा एकही माझ्याकडं आणलं नाही. मला वाटलं, काढायचं सोडलं असेल. विचारायचं मात्र सुचलं नाही, आणि मग सर गेलेच.

पुढं कधीतरी सरांचा एक जुना विद्यार्थी, मुंबईत नाव काढलेला, त्यांच्या रेघांबद्दल बोलायला लागला. त्याच्याजवळ सरांनी दिलेली दोन चित्रं होती. ती जाणकारांनी बघितली आणि एका लिलावघरानं सरांच्या पत्नीला फोन केला. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणतो. काकूंना पेन्शन आहे, घर आहे, पैशाची नड काही नव्हती. त्यांना वेगळंच हवं होतं. हे लोक लिलावाआधी एक पुस्तक छापतात. त्यात प्रत्येक चित्र, चित्रकाराचं नाव, गाव, सगळं असतं. "येकदा जानत्या मान्सानं छापून म्हनू दे की ही रेघ खरी हाय," काकू मला म्हणाल्या. "मंग शाळतल्या सगळ्यास्नी म्या वाचाय देनार हाय."

मुंबईहून सानिका नावाची मुलगी आली. मराठी चांगली बोलत होती. पांढरे हातमोजे घालून तिनं फ्रेम भिंतीवरून उतरवली, मापं घेतली आणि तिचा चेहरा उतरला. पुण्याच्या त्या जुन्या प्रदर्शनाची छापील यादी तिच्याजवळ होती. त्यात 'मे महिना, कागदावर शाई' पंधरा इंच होतं. हे तर बारा. शिवाय यादीत लिहिलं होतं की रेघ मध्येच थांबते. इथं रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत होती. ती म्हणाली, "काकू, एक तर हे दुसरं चित्र आहे, नाहीतर कुणीतरी केलेली नक्कल. शंका असेल तर आम्हाला घेता येत नाही. मी आठवडाभर थांबते."

काकू तडक माझ्या कोपऱ्यात आल्या. "गौतम, तूच फ्रेम केलीस न्हवं? तवा केवढं हुतं रं?"

मला सगळं आठवलं. लख्ख आठवलं. आणि मी म्हणालो, "आता इतक्या वर्षांनी काय सांगू काकू, ध्यानात नाही."

त्या गेल्या. मुलगा कुणाच्या तरी मोबाईलची काच बसवत होता आणि मी बसलो होतो चोरासारखा. चाळीस वर्षं तालुक्यात सांगत फिरलो की माझ्या हातून कधी माल बिघडला नाही. आता म्हातारपणी सांगायचं की मी सरांचं चित्र कापलं? दुपारचं जेवण गेलं नाही. सून म्हणाली, "बाबा, बरं नाही का?" तिलाही खोटंच सांगितलं. माझं नाव राहावं म्हणून सरांचं नाव जायची वेळ आली होती. आणि ते राहिलेलं नाव तरी किती दिवस पुरणार होतं मला?

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्कड, पटाशी आणि मऊ ब्रश पिशवीत टाकून काकूंच्या घरी गेलो. सानिका तिथंच होती. उंबऱ्यातच सांगून टाकलं.

"काकू, काल खोटं बोललो. चित्र पंधराच होतं. मी कापलं."

सानिका म्हणाली, "मग कापलेला तुकडा कुठाय?"

"पाठीमागं असेल. पण इतक्या पावसाळ्यांची ओल, कसर, काही सांगता येत नाही."

फ्रेम पालथी घातली. खाकी कागद तपकिरी पडला होता. खिळे गंजून लाकडाला धरून बसलेले. पक्कडीनं एकेक हळूहळू उपटला. पुठ्ठा उचलला. खाली चित्राची पाठ, आणि तिच्यावर तीन इंचांची पट्टी. कडेला थोडी पिवळी झालेली, बाकी शाबूत.

सानिकानं चित्र सुलटं करून टेबलावर ठेवलं आणि पट्टी उजवीकडं लावली. तिघांनीही बघितलं. आतापर्यंत ती नुसती रेघ होती, या कडेकडून त्या कडेला गेलेली. आता ती चालत येऊन थांबली आणि पुढं मोकळं रान पसरलं.

काकू एकदम खाली बसल्या. "आगं बया. ह्ये शेत हाय."

मग त्यांनी सांगितलं. सरांच्या आजीचं शेत भाटघर धरणाच्या पाण्यात गेलेलं. दर उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की त्याचा तुकडा उघडा पडतो. गाळाची जमीन, पावसापर्यंत तेवढी मोकळी. सर मे महिन्यात तिथं जाऊन पाणी जिथं संपतं त्या काठावर बसायचे. रेघ म्हणजे ते पाणी. कोरा कागद म्हणजे ती जमीन.

"त्या दिशी फ्रेम घिऊन घरी आले न् हसाय लागले," काकू म्हणाल्या. "म्हनले, गौतमनं आजीचं शेत काडून घेतलं. म्या म्हनलं, आपलं शेत पान्यात, त्यात गौतमचा काय संबंध! म्हनलं, भांडान झालं का काय? तर म्हनले, न्हाई, त्यानं लाकूड इतकं चांगलं दिलंय, सांगितलं तर त्याचं मन मोडंल. शेत हाय पाठीमागं, ऱ्हाऊ दे."

मला तोंड वर करवेना. एवढं सगळं ओळखून तो माणूस माझ्याकडं रोज चहा पीत होता.

सानिकाला मात्र अजून खात्री करायची होती. तिनं भिंगातून दोन्ही कडा तपासल्या आणि मला बोलावलं. "काका, हे बघा." कापताना एका जागी ब्लेड हललं होतं. गव्हाच्या दाण्याएवढा दात चित्राच्या कडेला, आणि तसाच खळगा पट्टीच्या कडेला. बरोबर एकमेकांत बसत होते. "याच्यापेक्षा मोठा पुरावा नाही," ती म्हणाली. माझा हात हलतो हे मी जिवंतपणी कबूल केलं नसतं. त्या दिवशी तो हलला होता म्हणून सुटलो.

मुंबईतल्या जाणकारानं मागून पातळ कागद लावून पट्टी जोडली. केसाएवढी खूण राहिली, ती त्यांनी मुद्दाम लपवली नाही. फ्रेम मुंबईतच करू, असं सानिका म्हणाली, तर काकू तिच्यावर उखडल्या. "तुमच्याकडं असत्याल धा फ्रेमवाले. ज्यानं कापलं त्योच लावील."

मी जुन्या चौकटीच्या दोन आखूड बाजू तशाच ठेवल्या आणि लांब बाजूंसाठी जुन्या दाराचं सागवान मिळवलं. आठ दिवस लागले. एरवी मी एका दिवसात चार फ्रेमा करायचो. चौकट गोधडीत गुंडाळून स्वतः मुंबईला नेली आणि चित्र माझ्या हातानं बसवलं. तिथली तरुण पोरं भोवती उभी राहून बघत होती. मी थोडा भाव खाल्ला, नाही असं नाही.

लिलाव मोबाईलवर दिसतो हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी काकू दुकानात आल्या. सुनेनं मोबाईल काचेच्या कपाटाला टेकवून लावून दिला. आमच्याकडं जत्रेत देवीच्या पातळाचा लिलाव होतो तेव्हा पुकारणारा घसा फुटेस्तोवर ओरडतो, मागं राहणाऱ्याच्या तीन पिढ्या काढतो. इथं कोट घातलेला माणूस कुजबुजल्यासारखा बोलत होता.

"ह्यो वरडत का न्हाई?" काकू म्हणाल्या. "वरडल्याबिगर वर कसं जानार?"

पण ते वर गेलं. कुणी हात वर करत होतं, कुणी फोन कानाला लावून मान हलवत होतं. एवढ्याशा चित्रासाठी त्या भल्यामोठ्या दिवाणखान्यात सगळे गप्प बसलेले. मग लाकडी हातोडी टेबलावर टक्कन वाजली.

"गेलं?"

"गेलं काकू."

"कुनाला?"

"फोनवरचा कुणीतरी होता. नाव सांगत नाहीत."

काकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "त्याला म्हनावं, कोरड्या भिताडाला लाव."

आकडा मी लिहीत नाही, तशी काकूंची ताकीद आहे. त्यातून त्यांनी पहिलं काय घेतलं असेल तर लोखंडी कपाट. सरांची बाकीची चित्रं माळ्यावर एका पत्र्याच्या पेटीत होती. काढायचं सोडलं नव्हतं त्यांनी. माझ्याकडं आणायचं तेवढं सोडलं होतं. हे कळलं तेव्हा मला वाईट वाटलं, ते अजून वाटतं. आता ती एकेक करून माझ्या टेबलावर येतात. मी पट्ट्या मापून कापतो आणि मुलाला सांगतो, ब्लेड माझ्या हाती लागणार नाही असं ठेव.

मागच्या महिन्यात काकू ते छापील पुस्तक घेऊन आल्या. शाळेत सगळ्यांना वाचायला देऊन झालं होतं. त्यातलं सरांचं पान त्यांना फ्रेम करून हवं होतं, चित्र लावलं होतं त्याच खिळ्याला लावायला. मधोमध चित्र, खाली बारीक अक्षरात सरांचं नाव, गाव भाटघर, आणि शेवटी एक ओळ, सुनेनं वाचून दाखवली. 'चित्राचा कापलेला भाग भोर येथील तसबीरकारानं मूळ चौकटीमागं जपून ठेवला होता.' कुणी कापला हे सानिकानं लिहिलं नव्हतं. पोरगी गुणाची. म्हणून ते मी इथं लिहिलं.

चित्राभोवती पानाला चारही बाजूंनी रुंद कोरी जागा होती. मी पान शिवणीतून अलगद सोडवून टेबलावर ठेवलं, माप घेतलं आणि काकूंकडं बघितलं.

"ही कोरी जागा..."

"हात लावून तर बघ," काकू म्हणाल्या.

पान होतं तेवढ्या मापाची चौकट केली. काच, पान, पुठ्ठा ठेवला, खिळे मारले. खाकी कागद चिकटवायच्या आधी सवयीनं टेबलावर हात फिरवून पाहिलं. पाठीमागं ठेवायला या खेपेला काहीच उरलं नव्हतं.